आईच्या डॉक्टरची तोंडी परीक्षा

डॉक्टर पेशंटला तपासतो. आमच्या घरात हे काम उलट्या बाजूनं करण्याचा मान मला मिळालेला आहे.

मी लातुरात एका कोचिंग क्लासमध्ये फिजिक्स शिकवतो. आमच्याकडं येणाऱ्या पोरांना डॉक्टर व्हायचं असतं आणि माझ्या हाताखालून गेलेली बरीचशी झालीही आहेत. त्यामुळं मला स्वतःला औषधातलं ओ की ठो कळत नसलं, तरी समस्त डॉक्टरांविषयी मनात एक मालकीची भावना असते. (कुंभाराला रांजणाविषयी असते तशी. पाणी कोणी का भरेना!)

आई अहमदपूरला एकटी राहते. तिला शुगर आहे, बीपी आहे आणि या दोन्हींपेक्षा जुना असा हट्ट आहे. मध्यंतरी शेजारच्या बारशात तिला चक्कर आली. मी लगेच फोन केला.

"आता लातूरला चल. मोठं हॉस्पिटल आपल्या घराच्या मागंच आहे."

"मला न्हाई यायचं. हितं माझा डॉक्टर हाय."

"त्या दोन खोल्यांच्या दवाखान्यात काय कळतंय त्याला?"

"तुला आन् मला मिळून कळतं त्याच्यापरीस लई कळतं," असं म्हणून तिनं फोन ठेवला.

मग मी मोबाइलवर त्या दवाखान्याबद्दल लोकांनी काय लिहिलंय ते बघितलं. एकानं लिहिलं होतं, 'गाडी लावायला जागा नाही.' दुसऱ्यानं एकच तारा देऊन लिहिलं होतं, 'सुई मागितली, दिली नाही.' मी पोट धरून हसलो. काय हे अडाणी लोक, सुई मागून घेतात! बायको म्हणाली, "अहो, आईंनाच विचारा ना, कसा आहे तो." मी म्हणालो, "आईचं मत हे मत नसतं, ती श्रद्धा असते." बायकोनं माझ्याकडं बघितलं आणि ती कुकर लावायला गेली.

मी ठरवून टाकलं. आपण स्वतः पेशंट होऊन जायचं आणि डॉक्टरची परीक्षा घ्यायची. पास झाला, तर आई अहमदपूरलाच राहील. नापास झाला, तर त्याच दिवशी तिचं गाठोडं बांधून लातूरला! कोचिंगवाल्या माणसाला जगातला कुठलाही प्रश्न पेपर काढूनच सुटतो असं वाटतं. मी रीतसर पेपर काढला. विषय घेतला पित्ताशयातले खडे. इंटरनेटवरून लक्षणं काढली आणि एसटीत बसल्या बसल्या पाठ केली. नुसती सुई टोचून मला वाटेला लावलं, की डॉक्टर नापास.

ओळख लागू नये म्हणून तोंडाला मास्क बांधला, डोक्यावर टोपी घातली आणि नाव घेतलं ज्ञानोबा, गाव किनवट. किनवट कुठं त्या टोकाला, जंगलात. अहमदपुरात किनवटचं कोण भेटणार?

दवाखाना मार्केट यार्डाच्या मागं होता. बाहेरच्या खोलीत बाकडी, आतल्या खोलीला पडदा. मी बसलो न बसलो तोच शेजारच्या म्हातारबाईंनी तोंड उघडलं.

"कोण्या गावचे?"

"किनवट."

"अगो बया! माझी नणंद किनवटलाच दिलेली हाय की!"

आपल्याकडं असं एकही गाव नाही, जिथं कोणाची तरी नणंद दिलेली नाही. हे मी विसरलो होतो! लातुरात राहून माणूस बिघडतो तो असा.

"किनवटात कोण्या बाजूला?"

"स्टेशनजवळ," मी ठोकून दिलं.

"तिचं घर स्टेशनपाशीच हाय! तुमचं आडनाव काय म्हणलं?"

मी जोरात खोकलो.

"खोकला बी हाय का? मग ते फडकं काढ की तोंडाचं. दम कोंडून मरशील, लेकरा!" असं म्हणत बाईंनी माझा मास्क स्वतःच्या हातानं खाली ओढला आणि त्या माझ्या नाकाकडं बघतच राहिल्या. आमच्या घराण्यात नाक हे आईकडून आलेलं आहे आणि ते भरपूर आलेलं आहे. मग बाई पदर सावरत उठल्या आणि बाहेर ओट्यावर जाऊन कोणाशी तरी फोनवर बोलून आल्या. (या गयाबाई. माझ्या आईबरोबर भजनाला बसतात. हे मला नंतर कळलं. त्या दिवशी मला सगळंच नंतर कळत होतं.)

तेवढ्यात माझा नंबर आला.

डॉक्टर पन्नाशीचे, सावकाश बोलणारे. "बसा. काय होतंय?" एवढंच म्हणाले आणि हाताची घडी घालून ऐकत बसले. मी पेपर सोडवायला, म्हणजे वाटायला, सुरुवात केली.

"उजव्या बरगडीखाली दुखतं. तेलकट खाल्ल्यावर वाढतं. कळ मागं उजव्या खांद्याकडं जाते. मळमळ होते. ताप नाही."

डॉक्टरांनी सगळं ऐकून घेतलं. मग म्हणाले, "तुम्ही मास्तर आहात का?"

मी टोपी आणखी खाली ओढली. "का बरं?"

"नाही, दुखणारं माणूस असं ओळीनं सांगत नाही. ते आधी सुनेचं सांगतं, मग गुडघ्याचं. पोटाचं निघतं उठताना. आडवे व्हा."

ते पोट दाबू लागले. इथं माझी एक चूक झाली. लक्षणं पाठ होती, पण आडवं झाल्यावर डावं-उजवं उलटं झालं. त्यांनी डावीकडं दाबलं आणि मी "आई गं!" म्हणून किंचाळलो.

"मघाशी उजवीकडं होतं ना?"

"फिरतं ते, डॉक्टर!"

"असं," ते म्हणाले. चेहऱ्यावरची सुरकुतीसुद्धा हलली नाही. मग त्यांनी दंडाला पट्टा बांधून बीपी बघितलं, भुवया वर केल्या आणि म्हणाले, "बाहेर जरा निवांत बसा. पुन्हा बघू. माणूस घाबरलेलं असलं, की वाढतं कधी कधी."

मी निवांत बसायला बाहेर आलो आणि समोर रिक्षातून आई उतरली!

"माय गं! सुभाष!" तिनं दारातूनच हंबरडा फोडला. "मला न सांगता दवाखान्यात? तोंड बांधून? नाव बदलून? असा कोन्ता रोग लागला रे बाबा तुला?"

"आई, मला काही झालेलं नाही!"

"मंग नाव कामून बदललंस?"

या प्रश्नावर सगळी खोली माझ्याकडं बघायला लागली. बरोबरच होतं. चांगल्या रोगाला कोण नाव बदलतं? गयाबाई बाकड्यावर माझ्यापासून लांब सरकल्या. त्यांना बघून पलीकडचा एक शेतकरीही सरकला आणि बाकड्यावरून खाली पडता पडता वाचला. कोपऱ्यातून कोणी तरी कुजबुजलं, "लातूरला ऱ्हातो म्हनं. तिकडचं काय सांगावं!"

"अहो, तसलं काही नाही!" मी ओरडलो. तसलं म्हणजे कसलं ते मी सांगितलं नव्हतं, पण सगळ्यांना कळलं आणि खात्रीच पटली.

"सुनेला ठाऊक हाय का रे?" आईनं रडत विचारलं. आणि बोलता बोलता तिचा आवाजच खाली गेला. कपाळावर घाम आला, हात थरथरायला लागले, आणि ती भिंतीला टेकत खाली बसली.

आता मात्र चेष्टा उरली नव्हती. आयुष्यभर पोरांना शिकवलेलं सगळं डोक्यातून उडालं आणि मी पडदा ओढून किंचाळलो, "डॉक्टर! लवकर या! सलाईन लावा! सुई द्या! आधी सुई द्या!"

डॉक्टर आतल्या पेशंटला तसंच ठेवून बाहेर आले. माझ्याकडं त्यांनी बघितलंही नाही. सरळ आईजवळ फरशीवर मांडी घालून बसले, तिचा हात हातात घेतला, बोटाला टोचून बघितलं तर शुगर फार उतरलेली, म्हणून लगेच साखरेचं पाणी मागवलं.

"मावशी, एक एक घोट. घाई नाही. आज तर उपास नाही तुमचा. मग जेवला नाहीत का?"

"पानावर बसलेच होते," आई पुटपुटली. "गोळी घेटली, आन् ह्या गयीचा फोन आला. तुझ्या नाकाचा मानूस हितं बसलाय म्हनली. ताट तसंच टाकून आले बघा."

"बारशाला तेच झालं होतं ना? सकाळी घरीच गोळी घेऊन गेलात आणि पंगत बसली दुपारी. म्हणून तर आपलं ठरलं, पान वाढल्याशिवाय गोळी तोंडात टाकायची नाही."

"पान वाढलं होतं की, डॉक्टरसाहेब."

"हाव, हे मात्र माझं चुकलं," डॉक्टर हसले. "पान वाढल्यावर लातूरचा पाहुणा आला तर काय करायचं, ते सांगायचं राहिलं."

मी बाजूला उभा होतो. बारशातल्या चक्करेवरून मी आईला लातूरला न्यायला निघालो होतो, पण ती चक्कर कशानं आली, हे मी तिला विचारलंच नव्हतं! या माणसानं विचारलं होतं. हळूहळू कळलं, की तिचे गुरुवार, चतुर्थ्या, एकादश्या त्यांना तोंडपाठ आहेत. उपास सोडा म्हणून त्यांनी एकदा सांगून बघितलं होतं. ती ऐकणार नाही हे कळल्यावर त्यांनी गोळ्याच उपासांना जुळवून दिल्या होत्या. घाम थांबला, पुन्हा टोचून शुगर बघितली, गयाबाईंनी पिशवीतली भाकरी काढून दिली, आणि आई ती खाईपर्यंत डॉक्टर फरशीवरून उठले नाहीत. इतक्या मोठ्या हॉस्पिटलांच्या शहरात राहून मी असा डॉक्टर बघितला नव्हता.

मग मी सगळं सांगून टाकलं. पेपर, खडे, किनवट, सगळं.

"ह्यांची परीक्षा? तू घ्यायला आलास?" आई भाकरीच्या घासासकट गरजली. तिला पूर्ण बरं वाटू लागल्याची ती खूण होती.

"असू द्या, मावशी," डॉक्टर म्हणाले. "आईला कोणाच्या हाती सोपवलंय, ते लेकानं बघायलाच पाहिजे. या मास्तर, आता तुमचं बीपी बघू. आता तर खोटं काही उरलं नाही ना?"

त्यांनी पट्टा बांधला, बघितलं, दुसऱ्या हाताला बांधून पुन्हा बघितलं आणि शांतपणे म्हणाले, "मग हे वाढलेलं बीपी खरं आहे. रक्ताच्या तपासण्या करू, मीठ कमी करू, काही दिवस रोज मोजू. रोज मोजणारं कोणी आहे का लातूरला?"

"मी क्लासमधून रात्री घरी येतो," मी म्हणालो. "तिथल्या मोठ्या हॉस्पिटलात दाखवीन की."

"तिथं कोणाला ठाऊक हाय तुझं?" आई उठून उभी राहिली. "खरं नाव तरी सांगशील का तिथं? ते काही न्हाई. हा आता हितंच ऱ्हाईल, माझ्या नजरेसमोर. डॉक्टरसाहेब, याच्या बी गोळ्या बसवून टाका."

मी मदतीसाठी बायकोला फोन लावला. तिनं सगळं ऐकून घेतलं. मग म्हणाली, "आईंना द्या फोन." दोघींचं बोलणं झालं. आईला लातूरला न्यायला म्हणून मी सकाळी एसटीत बसलो होतो, आणि दिवेलागणीला बायकोनं माझ्या कपड्यांची बॅग अहमदपूरच्या गाडीत कंडक्टरच्या हवाली केली.