कुठलीही फाईल चालेल

माझ्या वहिनी नेरूळच्या दोन खोल्यांच्या फ्लॅटमधून कित्येक वर्षं लोकांची लग्नं जुळवतात. फुकट. कोकणातून मुंबईत आणि मग इकडे आलेली आमच्या समाजाची कुटुंबं. कुणाचा मुलगा नावड्याला, कुणाची मुलगी पनवेलला. सगळ्यांचे बायोडेटा वहिनींच्या कपाटात, दिवाणाखाली, एकदा तर तांदळाच्या डब्यावर. मुलीचा फोटो देताना आया म्हणत, "ताई, तुमच्याकडे आहे म्हणजे घरातच आहे."

या कारभाराला शिस्त लावायची कल्पना माझी. मी तळोज्याच्या एका केमिकल कंपनीत स्टोअरला आहे. पण घरात एक्सेल मला एकट्यालाच येतं, म्हणून कॉम्प्युटरतज्ज्ञही मीच. वासरात लंगडी गाय शहाणी.

वहिनींच्याच बिल्डिंगमधल्या एका इंजिनीअर मुलीने वेबसाईट करून दिली. घरच्यांनी बायोडेटा आणि फोटो स्वतःच चढवायचे. देताना तिने मला बजावलं, "काका, इथे फक्त फोटो आणि पीडीएफ घेतले जातात. आलेलं सगळं सध्या साईटच्याच फोल्डरमध्ये पडतंय, ते मला वेगळ्या जागी हलवायचंय. तोवर सेटिंगमधल्या फाईल-प्रकारांच्या यादीला हात लावू नका."

मी मान डोलावली. मान डोलावण्यात माझा हात कुणी धरणार नाही.

वधू-वर मेळावा जवळ आला आणि फोन सुरू झाले. कुणाचा बायोडेटा वर्डमध्ये, कुणाच्या मोबाईलचा फोटो भलत्याच प्रकारचा. साईट म्हणे, ही फाईल चालणार नाही. एक गृहस्थ तर वहिनींवर कडाडले, "अहो ताई, आमच्या पोराला मुली नाकारतात ते कमी होतं काय, आता तुमची साईट पण नाकारायला लागली?"

वहिनींनी फोन ठेवला. "भाऊजी, माझ्या दारातून आजवर कुणी परत गेलेलं नाही. करा की काहीतरी."

"तिने हात लावू नका सांगितलंय, वहिनी."

"मग विचारा तिला."

एवढ्याशा गोष्टीसाठी विचारायचं? मग तज्ज्ञ कसला? मी यादी उघडली आणि 'सर्व प्रकार' निवडलं. तक्रारी बंद. वहिनींनी आलं घालून चहा केला आणि मी तो मोठ्या ऐटीत प्यायलो.

काही दिवसांनी एका मुलीच्या आईचा फोन आला. "ताई, माझ्या पोरीच्या पानावर जुगाराची जाहिरात कशी काय येते?"

बघतो तर सगळ्याच पानांवर तेच. इंजिनीअर मुलगी धावत आली, तिने आधी साईट बंद केली, मग शोधून एक फाईल दाखवली. "नाव अर्धं फोटोचं आहे, काका, पण हा प्रोग्रॅम आहे. कुणीतरी तो इथे चढवला, मग त्याची लिंक उघडली आणि आपल्याच सर्व्हरने तो चालवला. तिथून पुढे साईट त्याची." ती यादी कुणी बदलली हे तिने विचारलं नाही. घरात तज्ज्ञ एकच.

कंपनीत टँकरवर काय लिहिलंय त्यावर मी कधी विश्वास ठेवत नाही. सॅम्पल लॅबमधून पास होऊन आल्याशिवाय पाईप जोडू देत नाही. ड्रायव्हर शिव्या घालतात, मी ऐकून घेतो. आणि इथे एका तक्रारखोर गृहस्थाला घाबरलो.

वहिनींनी तिला एकच विचारलं, "मुलींचे फोटो गेले का कुणाच्या हातात?"

"सांगता नाही येत, काकू. गेलेही असतील."

"असतील म्हणजे?"

ती पुन्हा फाईली चाळायला लागली.

सगळ्यांना मेसेज टाकू, असं मी सुचवलं. "मेसेज नको," वहिनी म्हणाल्या, "त्यांनी माझ्या हातात दिले होते." मग एकेका घरी त्यांनी स्वतः फोन केला. मी शेजारी बसून नंबर लावून देत होतो. "माझ्याकडून चूक झाली," प्रत्येक वेळी त्या एवढंच म्हणायच्या. मी फोन मागितला तर म्हणाल्या, "तुम्ही नंबर लावा, भाऊजी." कुणी ओरडलं. कुणी म्हणालं, जाऊ दे ताई. ते जास्त लागलं.

साईट आता पक्की आहे. प्रत्येक फाईल आत डोकावून तपासली जाते, तिला नवं नाव मिळतं, ती वेगळ्याच जागी ठेवली जाते. सगळं उत्तम आहे, फक्त कुणी काही चढवत नाही.

विहाराच्या हॉलमध्ये मेळावा झाला तेव्हा माणसं निम्मीही नव्हती. मी खुर्च्या लावत होतो. एक बाई पाकीट घेऊन वहिनींकडे आल्या. "ताई, फोटो आणलाय. कॉम्प्युटरवर नाही ना टाकणार?"

"नाही हो."

"म्हणजे तुमच्याकडेच राहणार?"

"माझ्याकडेच."

वहिनींनी हात पुढे केला. बाई बराच वेळ इकडचं तिकडचं बोलत राहिल्या, पाकिटाच्या कडेवरून अंगठा फिरवत. मग म्हणाल्या, "पोरीला एकदा विचारते आणि देते," आणि पाकीट पर्समध्ये ठेवून जेवणाच्या रांगेकडे गेल्या.