स्पेनचा चाकू

कॅनडात एडमंटनला मी ज्या घराच्या बेसमेंटमध्ये सहा वर्षं राहिले, त्याचे मालक वरच्या मजल्यावर एकटेच असायचे. ऐंशी ओलांडलेले, बायको जाऊन बरीच वर्षं झालेली, मुलगी ओटावाला. मी नागपूरची, चाळिशीतली, एकटी. ऑफिस सुटलं की दुसऱ्या दिवशी सकाळपर्यंत माझ्या तोंडून एक शब्द निघायचा नाही.

पहिल्याच हिवाळ्यात एका रविवारी मी त्यांच्या दारासमोरचा बर्फ फावड्यानं काढला. त्यांनी कॉफीला वर बोलावलं आणि एक पेटी उघडून पुढ्यात ठेवली. आत खिशात ठेवायचे घडीचे चाकू.

"हा फ्रान्सचा, आजीकडचा. हा जर्मनीचा, आजोबांचा. हा शिंगाच्या मुठीचा सार्डिनियाचा, आईच्या आईकडून. आणि हा स्पेनचा, आईच्या वडलांचा."

त्यातला एकही वारशानं आलेला नव्हता. पूर्वज कुठल्या गावचे ते शोधायचं आणि तिथल्या कारागिराकडून तिथला चाकू मागवायचा, असं त्यांचं चाललेलं.

"तुमच्याकडचा कसा असतो?" त्यांनी विचारलं.

मी विळी समजावून सांगितली. पाट, त्यावर उभं पातं, वर बसून भाजी चिरायची. ते खूप हसले. "खिशात नाही मावणार!"

मग दर रविवारी वर जायची सवयच लागली. ते पात्यांना तेल लावायचे, मी पुसून द्यायची. फारसं बोलणं होत नसे.

तिसऱ्या वर्षी मुलीनं त्यांना लाळेच्या तपासणीवरून पूर्वज कुठले ते सांगणारा किट भेट पाठवला. रिपोर्ट मीच लॅपटॉपवर वाचून दाखवला. फ्रान्स, जर्मनी, सार्डिनिया सगळं होतं. स्पेन नव्हतं. थोडंसुद्धा नाही. आईचे वडील कोण होते, हे सांगणारं आता कुणी उरलं नव्हतं.

त्यांनी पेटी पुढ्यात ओढली. मला वाटलं, आता तो स्पेनचा चाकू पेटीतून काढतील. काढला खरा, पण खिशात टाकला. म्हणाले, "इतकी वर्षं तेल लावलंय मी याला. आता तो माझाच." तेव्हापासून तो त्यांच्या खिशातच असे.

पुढे पाय थकले. घर विकायचं आणि मुलीकडे राहायला जायचं ठरलं. एअरपोर्टवर मीच सोडायला गेले. पेटी चेक-इनच्या बॅगेत गेली, खिशातला चाकू मात्र सिक्युरिटीत अडला. ते व्हीलचेअरमधून परत बाहेर आले आणि तो माझ्या हातात ठेवला.

"पोस्टानं नको पाठवूस. येशील तेव्हा आण."

येते, मी म्हणाले. जागा बदलली, काम वाढलं, तिकीट काढायचं राहत गेलं. फोन आधी दर रविवारी, मग महिन्यातून एकदा.

मार्चमध्ये त्यांच्या नंबरवरून मुलीचा फोन आला. त्यांना जाऊन आठवडा झाला होता. मी चाकूचं सांगितलं, पाठवू का विचारलं.

"कुठला चाकू?" तिला काहीच माहीत नव्हतं. "राहू दे तुमच्याकडेच." मग तिनं विचारलं, "सॉरी, पण तुम्ही डॅडींच्या कोण?"

"भाडेकरू," मी म्हणाले.