रे कोणाचा, ग कोणाची

"मास्तरानू, मी भांडूक येवक नाय. इचारूक इलंय. माझ्या चेडवाक तुमी रे म्हणूक कित्याक लायतास?"

डोक्यावरची मासळीची पाटी न उतरवताच गंगू तोंडवलीच्या शाळेच्या पायरीवर उभी होती. एक हात पाटीला, दुसरा कमरेवर. गंगूचा हात कमरेवर गेला की वाडीतली माणसं आधी दार ओढून घेत. हरिश्चंद्र मास्तरांना गावात येऊन पाचच महिने झालेले, त्यांना हे कोणी सांगितलं नव्हतं. त्यांनी तिला आत बोलावलं.

झालं होतं ते असं. अठ्ठावन्न साल. शाळा तपासायला येणाऱ्या दिपोटीसाहेबांनी शाळेला बारा पुस्तकं पाठवली होती, पोरांना गाणं शिकवायची. पातळशी, रंगीत चित्रांची, आणि प्रत्येक ओळीखाली बारीक अक्षरात सूर छापलेले. सोबत निरोप: वर्षभर वापरा, मग मी येऊन पोरांना गायला लावीन. जमलं तर पुस्तकं तुमची, नाही तर कट्टा गावाकडची एक शाळा मागतेच आहे.

गंगूची सीता आठ वर्षांची. तोवर शाळेत ती सलग चार दिवस टिकली नव्हती. रापणीचं जाळं ओढलं की मासळी निवडायला किनाऱ्यावर पळायची. या पुस्तकांतली चित्रं बघायला म्हणून आली ती पंधरा दिवस एकही खाडा न करता येत राहिली. सोळाव्या दिवशी मास्तरांनी फळ्यावर सा रे ग म लिहिलं आणि वर्ग खदखदून हसला. रे म्हणतात झिलग्याला, म्हणजे मुलाला, ग नि गो म्हणतात चेडवाला, म्हणजे मुलीला, हे आमच्याकडे तान्ह्या पोरालाही कळतं. मास्तरांनी सीतेला उभं करून रे म्हणायला लावलं, तसा मागच्या बाकावरचा भिकाजी म्हणाला, "काय रे सीत्या?" सीता घरी आली ती पुन्हा जायचं नाव घेईना.

मास्तरांनी समजावलं, बाई, ही हाक नव्हे, सुराचं नाव. गंगूला पटेना. सुराला नाव कशाला, त्याला काय कोणी जेवायला बोलावतं? तेव्हा मास्तरांनी भजनवाल्यांकडून मागून आणलेली पेटी उघडली आणि गाऊन दाखवलं. मास्तर शिकून आलेले खरे. छापलेला सूर वाचायचे, बोट बरोब्बर पट्टीवर ठेवायचे. गळ्याच्या बाबतीत मात्र देवाने हात आखडलेला. पेटी एक सांगत होती आणि मास्तर भलतंच.

गंगूने पाटी खाली ठेवली. "पेटी बरोबर सांगता. तुमीच चुकतास," म्हणाली, आणि तोच सूर लावला. शाळेची कौलं काय ती उडायची राहिली. मास्तरांचं बोट पट्टीवर तसंच.

त्याच दिवशी दोघांचं ठरलं. गंगू किनाऱ्यापासून आत, भरडावरच्या वाड्यांना मासे विकायला निघताना वाटेत शाळेत थांबणार. मास्तर पुस्तक वाचून पेटी वाजवणार, ती गाणार, पोरं तिच्यामागून म्हणणार. आणि रे-ग चा तंटा तिनेच मिटवला. रे झिलग्यांनी म्हणायचा, ग चेडवांनी, बाकीचे सूर सगळ्यांचे. सीता दुसऱ्या दिवशी आली. रापणीचे दोन दोर दोन्हीकडून ओढावेत तसा वर्ग गाऊ लागला. सासू गोदूबाई मात्र आल्यागेल्याला सांगायची, आमची सून ह्या वयात पाटी घेवन शाळेत जाता, पण पाटी बांगड्यांची.

गंगूचा आवाज हा त्या घरातला जुना वाद. माहेरी बाप म्हणायचा, हळू बोल, मासळी पळात. लग्नात भटजींनी दोनदा मागे वळून पाहिलेलं. नवरा गुणाजी तसा गरीब माणूस, पण तोही म्हणे की होडी भर समुद्रात असली तरी घरचं भांडण ऐकू येतं. एका सकाळी मास्तरांनी तिची बांगडे विकायची हाक खिडकीतून ऐकली, पेटीवर बोटं फिरवली, आणि ती येईपर्यंत फळ्यावर सुरांत लिहून ठेवली. पोरांनी फळा वाचून तिचीच हाक तिला गाऊन दाखवली.

गंगू फळ्याजवळ गेली. अक्षर एक कळत नव्हतं. "ह्या माझ्या तोंडातला?" एवढंच तिने विचारलं. दुसऱ्या दिवशी मास्तरांच्या खोलीवर चार बांगडे पोचले, साफ करून, मीठ लावून, कारण एकट्या पुरुषाला तेवढंही जमायचं नाही असा तिचा हिशेब. त्यानंतर एक आठवडा चुकला नाही. उपकाराची भाषा तिला येत नव्हती. बांगडे येत होते.

चैतात दिपोटीसाहेब आले. गंगू पाटी घेऊन पडवीत बसली. पोरांनी मिळून चार गाणी म्हटली, साहेबांची मान डोलली. मग त्यांनी सीतेकडे बोट केलं. ही मुलगी. आधी सूर म्हण, मग गाणं. एकटीने.

सीता पुस्तक धरून उभी राहिली. सा छान लागला. पुढे ती थांबली आणि झिलग्यांच्या बाकाकडे बघू लागली. साहेबांच्या धाकाने तिथे सगळे गप्प. तिने पुन्हा सा लावला, पुन्हा थांबली.

"पुढचा सूर येत नाही वाटतं," साहेब म्हणाले आणि त्यांनी वही उघडली.

मास्तरांचा चेहरा उतरला. गंगूच्या सगळ्यांच्या आधी ध्यानात आलं. रे झिलग्यांनीच म्हणायचा हा नियम तिचा होता. पुस्तकं जाणार ती त्या नियमापायी, आणि पुस्तकांमागून सीता पुन्हा किनाऱ्यावर. साहेबांसमोर बोलायची रीत नव्हती. तरी ती उठून दारात आली.

"सीते, चूक माझी गो. मी तुज्या मामाक रे म्हणान हाक मारतंय, म्हणान मी बापयो माणूस झालंय काय? रे जो म्हणता तेचो नसता, जेका म्हणतंव तेचो असता. भिकाजीक बघ आणि मार हाक."

सीतेने भिकाजीकडे तोंड केलं. वर्षभराचा राग होता, तो सगळा त्या सुरात गेला. रे असा लागला की भिकाजी सवयीने "ओ" म्हणून उभाच राहिला. मग शेजारच्या कावेरीकडे वळून ग, आणि तिथून पुढे कोणाकडे न बघता सगळे सूर, सगळं गाणं.

साहेबांना आधी काही उमजेना. मास्तरांनी शुद्ध मराठीत सारा प्रकार सांगितला, तसे ते चष्मा काढून डोळे पुसेपर्यंत हसले. पुस्तकं इथेच राहतील, असं त्यांनी वहीत लिहिलं आणि वाचूनही दाखवलं. ही बाई कोण, विचारलं.

"गळा यांचा, साहेब," मास्तर म्हणाले. "माझं नुसतं वाचन."

"वाचूक तुमी नसतास तर ह्यो गळो बांगडेच इकत ऱ्हवतो," गंगू म्हणाली.

"आता नाही विकणार?" साहेबांनी विचारलं.

"इकतलंय तर. ऊन बगा खंय इला."

तिने चुंबळ डोक्यावर ठेवली. पाटी उचलून द्यायला मास्तर पुढे आले, साहेबांच्या देखत, धोतराला मासळीचं पाणी लावून घेत. भरडावरच्या पहिल्याच घरच्या रुक्मिणीने बांगडा दाबून बघितला आणि आज उशीर झाला, मऊ पडलेत, म्हणून नाक मुरडलं. गंगू ओट्यावर बसली, एका बांगड्याचा लालभडक कल्ला उघडून तिच्या नाकासमोर धरला, आणि भाव करायला लागली.