बापूमास्तरांची निवड

बोलता बोलता बापूमास्तर मधेच बोट वर करायचे आणि आपण गप्प व्हायचं. बुलढाण्याच्या धुक्यात, शाळेच्या वाटेवर, आम्ही दोघे असे कितीदा उभे राहिलो असू. मग लांबून घाट चढणारी एखादी बैलगाडी ऐकू यायची. "पंतोजी, डावं चाक सुरात रडून राह्यलं. उजवं नुसतंच बोंबलते." मी त्यांच्याच शाळेतला धाकटा मास्तर. मला दोन्ही चाकं सारखीच वाटत.

ते मूळचे वरवट बकालचे. शाळेत गणित शिकवत. गावात मान होता तो त्यांच्या कानाला. कुणाला पेटी घ्यायची असो की भजनी मंडळाला मृदंग, बापूमास्तरांना सोबत न्यायचं. त्यांनी मान हलवली की वाद्य घरी यायचं. स्वतःजवळ मात्र हातानं कोरलेल्या वेळूच्या बासऱ्या, तेवढ्याच.

दवाखान्यातल्या आयरिश डॉक्टरला नागपूरहून पेन्शनीचा हुकूम आला, तेव्हा त्यानं बंगल्याच्या व्हरांड्यात सामान विकायला मांडलं. त्यात त्याच्या मुलखातल्या दोन लाकडी बासऱ्या होत्या. एकीला भोकांवर चांदीच्या चाव्या. दुसरी साधी, काळी, सहा भोकांची, तीन तुकडे जोडून होणारी.

"मास्टर, बजाके देखो," साहेब म्हणाला.

"नाही साहेब, आप बजाओ. हम सुनेगा."

मास्तर आंब्याच्या झाडाकडे तोंड करून, डोळे मिटून उभे राहिले. मला हळूच म्हणाले, "आपन फुंकलं का आपलाच श्वास ऐकू येते. लाकूड ऐकू येत नाही." साहेबानं आधी चांदीची वाजवली, मग काळी. काळीचा शेवटचा सूर विरला तरी मास्तर वळले नाहीत.

"चांदीवाली गोड आहे, पन एकटीच बोलते," ते शेवटी म्हणाले. "ही बोलली तं मांगून झाडबी बोलते."

खरेदीला जमलेले कारकून हसले. मी काळीचा एकेक तुकडा डोळ्याला लावून उजेडाकडे पाहिला. केसाएवढीही चीर नव्हती. मास्तरांनी तीच विकत घेतली.

घरी आत्याबाई होत्या. आईवेगळ्या बापूला त्यांनीच वाढवलेलं. "साहेबाच्या तोंडातली उष्टी नळी तू ओठाले लावशीन?" त्या म्हणाल्या. पण भाच्याचा चेहरा पाहून त्यांनी मनात काही ठरवलं असावं. दुसऱ्या दिवशी आम्ही शाळेत असताना त्यांनी बासरी राखेनं घासली, वर उकळतं पाणी ओतलं आणि शुद्ध झालेली ती बासरी वैशाखाच्या उन्हात घराच्या धाब्यावर वाळत ठेवली. बापूनं निःशंक मनानं वाजवावी म्हणून.

संध्याकाळी आम्ही आलो तर फुंकरीच्या भोकापासून खाली लांब भेग गेलेली.

"बापू, हे काय रे? फुटकी देल्ली का त्यानं?"

मास्तरांनी भेगेवरून बोट फिरवलं. मग म्हणाले, "हाव आत्या. मलेच दिसली नाही."

महिनाभरात गावभर झालं. बाजारात लोक विचारू लागले, "काऊन हो मास्तर, एवढा मोठा कान अन् फुटकी नळी उचलली?" पुढच्या खेपेला भजनी मंडळ मृदंग आणायला दुसऱ्याच कुणाला घेऊन गेलं. मास्तर ओट्यावर बसून त्यांना जाताना पाहत होते. भेगेत त्यांनी मेण भरलं, वर रेशमी दोरा गुंडाळला. बासरी वाजायची, पण तिचा सर्वांत खालचा सूर पुन्हा लागला नाही.

आत्याबाई गेल्यावर मी म्हटलं, "आता तरी लोकांना खरं सांगा."

"आता सांगतलं तं तिलेच नावं ठेवतीन," ते म्हणाले. "तिच्या बाजूनं बोलाले आता मीच राह्यलो ना."

गेल्या माघात मास्तरही गेले. सांत्वनाला आलेल्यांपैकी कुणीतरी म्हणालंच, "मानूस लई चांगला, पन बासरीत फसला." मी मान खाली घातली. आत्याबाईंनी केलं ते मायेनं. त्यांना कुणी बोल लावू नये. पण हेही कुठेतरी लिहिलेलं असावं.

बंगल्यावरून परतताना, तळ्याच्या वळणावर, मास्तरांनी ती काळी बासरी पिशवीतून काढून तीन तुकडे जोडले होते आणि ओठांना लावली होती. ऊन कलत होतं. त्यांनी एकच सूर धरला, अगदी खालचा. तो पाण्यावरून पलीकडे गेला, तिथे जरा थांबल्यासारखा वाटला आणि परत आला. त्या वेळी मलाही मागचं झाड ऐकू आलं.

ती सबंध असताना मास्तरांच्या ओठी ऐकलेला मी एकटाच उरलो आहे. बासरी चांगली होती. मास्तरांनी बरोबर निवडली होती.