न्हाव्याचा वाफा

तेस्तूर गावात अम्म सादोकनी, म्हणजे आमच्या सादोककाकांनी, चाळीस वर्षं लोकांच्या दाढ्या केल्या. मग त्यांचा उजवा हात थरथरायला लागला आणि एका बाजाराच्या दिवशी शाळेच्या मुख्याध्यापकांच्या कानाला वस्तरा लागला. मुख्याध्यापकांनी कानाला रुमाल लावून हसण्यावारी नेलं. पण अम्मचा मुलगा मोएझ दुकानातच होता. त्याने बापाच्या हातातून वस्तरा हळूच काढून घेतला.

घरी बसल्यावर अम्मनी बायकोला, वसीलाला, नकोसं करून सोडलं. दिवसभर पातेल्यात डोकवायचं आणि "मीठ घातलंस का?" विचारायचं. शेवटी तिने मागच्या अंगणाकडे बोट दाखवलं. "ती बघ, बारा पावलं जमीन रिकामी पडलीय. काय विचारायचं ते तिला विचार."

अम्मनी खरंच कुदळ घेतली. वसंतात मिरचीची रोपं लावली, सकाळ-संध्याकाळ भरभरून पाणी घातलं. मी समोरच राहते. अम्म रोपांशी गिऱ्हाइकासारखे गप्पा मारायचे, ते मला गच्चीवर ऐकू यायचं. जूनमध्ये मुळं कुजून सगळी रोपं आडवी झाली.

थंडीच्या आधी त्यांनी जाड शेंगांचा बाकला पेरला. तो छान उठला, फुलला, आणि मार्चमध्ये शेंड्यांवर काजळ फासावं तशी काळ्या माव्याची कीड चढली. अम्म बाजारातून फवारणीची बाटली घेऊन आले. वसीलाने बुचाचा वास घेतला आणि बाटली कपाटात घालून कुलूप लावलं.

"इथे मी कपडे वाळत घालते, टोमॅटो वाळवते. हे शिंपडायचं असेल तर जेवायला मोएझकडे जा."

गल्लीत झाडांमधलं खरं कळायचं ते भिंतीपलीकडच्या मबरूकाबाईला, लल्ला मबरूकाला. पण तिचं आणि वसीलाचं आठ वर्षं बोलणं नव्हतं. मबरूकाच्या कोंबड्यांनी वसीलाचा वाळत घातलेला कुसकुसचा रवा फस्त केला होता. त्यावर वसीला जे बोलली, ते पुन्हा सांगण्यासारखं नाही.

अम्म भिंतीवरून डोकावले. "लल्ला मबरूका, जरा माझा बाकला बघतेस?"

"भिंतीवरून कोंबड्या येतात, सादोक. माणसं दारातून येतात. घरच्या बाईने बोलावलं तर येईन."

दोन दिवस वसीलाने ते कानाआड केलं. तिसऱ्या दिवशी तिने खजुराच्या वड्यांची थाळी उचलली आणि मबरूकाकडे गेली. दारात काय बोलणं झालं मला माहीत नाही. आधी दोघींचे चढे आवाज आले, मग रडणं, मग हसणं.

मबरूका आली ती सरळ बाकल्याचे शेंडे खुडायलाच लागली. "मावा कोवळ्यावर जगतो. शेंडा गेला की त्याचं ताट गेलं. उरलेल्याला साबणाचं पाणी मार. आणि लाल पाठीचे ठिपकेवाले किडे दिसले तर हात लावू नकोस, ते मावा खातात." मग तिने मूठभर माती नाकाशी नेली. "ही उपाशी आहे रे! नुसतं पाणी पाजतोस पाहुण्यासारखं."

"मग काय वाढू?"

"शेण, सालं, देठं, पाचोळा. केससुद्धा चालतात."

"केस?" अम्म उभेच राहिले.

दुसऱ्या दिवसापासून मोएझच्या दुकानातला केर पोत्यात भरून अंगणातल्या खड्ड्यात जायला लागला. गावाला हसायला विषय मिळाला.

"अम्म, मिरचीत माझा केस सापडला तर?"

"तुझ्या टकलावरचा? चमत्कार म्हणून ठेवून देईन."

केस सावकाश कुजतात. मबरूकाने त्या उन्हाळ्यात मिरची लावूच दिली नाही, खड्डा वर्षभर पिकू दिला. अम्मनी कुरकुर केली, पण ऐकलं. पुढच्या वसंतात त्यांनी ते काळं भुसभुशीत खत वाफ्यात मिसळलं आणि बोट मातीत खुपसून, कोरडं लागलं तरच पाणी द्यायला शिकले. ऑगस्टअखेर झाडं लाल मिरच्यांनी वाकली. वसीला आणि मबरूका अंगणात बसून माळा ओवायच्या आणि हरिसाच्या चटणीत लसूण किती घालायचा यावर कडाकडा भांडायच्या. दोघींना मजा येत होती.

परवा मी गेले तर अम्म कंदाच्या बडीशेपेची रोपं लावायला वाफा मोकळा करत होते. मी म्हटलं, "अम्म, थकत नाही का?"

"दुकानात गिऱ्हाईक खुर्चीतून उठलं की माझं काम संपायचं," ते म्हणाले. "इथे संपतच नाही, बरं वाटतं. ती झारी दे बघू इकडे."