सासुरवाडीप्रमाणे फायली

नीटनेटकेपणामुळे अख्ख्या नगर जिल्ह्यात सर्वांत जास्त वस्तू हरवणारा माणूस कोण, असं कुणी विचारलं तर मी आमच्या साडूंकडे बोट दाखवीन. भंडारदऱ्याच्या पाण्याखाली नसेल इतकं सामान त्यांनी जागच्या जागी ठेवून गडप केलं होतं. माझ्या मुलीच्या बारशाला त्यांनी पंगती वयानं किंवा मानानं न बसवता जेवण्याच्या वेगानं बसवल्या. भराभर जेवणारे पहिल्या पंगतीला, रवंथ करणारे शेवटच्या. आमचे सासरे शेवटच्या पंगतीत गेले आणि पुढं वर्षभर दोघाही जावयांशी बोलले नाहीत. "पद्धत चुकलेली नाही," साडू मला हळूच म्हणाले. "बघा, अजून भातावरच आहेत."

सत्तरच्या दशकाच्या सुरुवातीची ही गोष्ट. श्रीगोंद्याकडच्या एका साखर कारखान्यात मी हिशेबखात्यात होतो आणि साडू आस्थापनेत. हजारावर कामगारांची नेमणूकपत्रं, जन्माचे दाखले, रजेचे अर्ज, फंडाची वारसपत्रं, सगळं त्यांच्या ताब्यात. नावाप्रमाणे लावावं तर भाऊसाहेब आणि रावसाहेब यांनीच भिंत भरली. नंबराप्रमाणे लावावं तर आपला नंबर कुणाच्या ध्यानात राहीना. तेव्हा साडूंनी खोक्यांच्या फळ्या ठोकून खण केले आणि फायली सासुरवाडीप्रमाणे लावल्या. "माणूस खातं बदलतो, घर बदलतो, अंगठ्याऐवजी सही करायला शिकतो," ते सांगत, "पण सासुरवाडी विसरून दाखवा म्हणावं." पारनेर तालुक्याला पिवळी नाडी, अकोले तालुक्याला हिरवी. फिटर मन्सूरभाईंनी चुलत्याची मुलगी केलेली. ते म्हणाले, "सासुरवाडी? अंगणाच्या पलीकडं हाय की." साडू दोन दिवस जेवले नाहीत आणि तिसऱ्या दिवशी 'घरच्या घरी' असा नवा खण निघाला. अविवाहितांसाठी वरचा खण, त्यावर चिठ्ठी 'प्रलंबित'. ही बातमी फुटल्यावर मुलींचे बाप आस्थापनेत येऊन बसू लागले. "साहेब, त्या वरच्या खणातला एखादा निर्व्यसनी काढा की!" त्यातून तीन लग्नं जमली. तिन्ही लग्नांना साडू फाईल काखेत मारून गेले आणि अक्षता पडताच मांडवातच नाडी बदलून आले.

मग नवे मॅनेजर आले. कामगार खात्याची तपासणी तोंडावर होती. त्यांनी साडूंना सांगितलं, "मी पाच नावं घेईन, तुम्ही पाच फायली द्यायच्या. एक जरी चुकली तर सगळं नंबरवारी लागेल आणि तुम्ही उसाच्या वजनकाट्यावर." चार फायली साडूंनी अशा काढल्या की मॅनेजरांची सिगरेट पेटायच्या आत टेबलावर. पाचवे बॉयलरवरचे किसनराव. ते समोरच उभे होते.

"किसनराव, सासुरवाडी?"

"कंची सायेब? पयली का दुसरी?"

साडूंचा चेहरा उजळला. याचीही सोय त्यांनी केली होती. एक पिवळा गठ्ठा आला, एक हिरवा आला. "पहिल्या बाई वारल्या तोवरचे कागद पारनेरात, पुढचे अकोल्यात."

"म्हणजे हा माणूस निम्मा पारनेरला नोकरी करतो आणि निम्मा अकोल्याला?" मॅनेजर ओरडले.

"न्हाई सायेब," किसनराव घाबरले, "मी सगळा हितंच हाय!"

शिपायापासून मॅनेजरांपर्यंत सगळे हसले. हसता हसता मी सवयीनं गठ्ठे उलटले. हिरव्यात वारसपत्र नव्हतं. पिवळ्यात होतं, पहिल्या बाईंच्या नावाचं. मी तसं सांगितलं.

"आवो, ती जाऊन सा वर्सं झाली," किसनराव म्हणाले. "मंग माज्या मागं हिला काय न्हाई मिळायचं?"

हसणं थांबलं. साडूंनी दोन्ही गठ्ठे पुन्हा उघडून पाहिले. "वारसपत्र पारनेरात राहिलं," एवढंच ते पुन्हा पुन्हा म्हणत होते.

हुकूम त्याच दिवशी सुटला. साडूंनी रदबदली केली नाही, फक्त आठवडाभराची मुदत मागितली. दुसरं लग्न केलेल्या प्रत्येक कामगाराला त्यांनी पाळीवर, चाळीत, चहाच्या टपरीवर गाठलं आणि नवी वारसपत्रं भरून घेतली. पहिलं किसनरावांचं. मग ते काट्यावर गेले आणि उसाच्या बैलगाड्या बैलांच्या स्वभावाप्रमाणे लावू लागले. सगळे मारके बैल एका रांगेत! त्या सकाळी जे झालं त्यानं गाळप चार तास बंद पडलं आणि एक गाडीवान काट्याच्या छपरावरून खाली यायला तयार होईना.

पुढच्या हंगामाच्या सुरुवातीलाच किसनराव तापानं गेले. त्यांच्या दुसऱ्या बाई माझ्या खिडकीशी आल्या, डोक्यावर पदर, बरोबर कुणी नाही. मी फंडाचे पैसे मोजत असताना पाहिलं तर त्यांच्यामागे साडू उभे. टोपी हातात, अंगावर उसाचं पाचट, काटा दुसऱ्या कुणावर सोपवून आलेले. बाईंचा अंगठा झाला. मी पैसे त्यांच्या ओंजळीत ठेवले. त्यांनी ते पदरात बांधले आणि त्या गेल्या.

"सगळे दिले?" साडूंनी विचारलं.

"सगळे. त्यांनाच."

 त्यांनी टोपी घातली आणि ते उन्हातून काट्याकडे निघाले.