देवावरून न पटणारे दोन साक्षीदार

"मी शपथ घेणार नाही," साळवे सर साक्षीदाराच्या पिंजऱ्यातून म्हणाले.

कोर्टाच्या क्लार्कने मान वर केली. ईश्वराला स्मरून खरं सांगेन, ही ओळ लोकांकडून म्हणवून घेण्यात त्याचं आयुष्य गेलं होतं. तिला आजवर कुणी नाही म्हटलं नव्हतं. निदान खोटं बोलायला येणाऱ्यांनी तरी नाहीच.

मी वकील, आणि सर माझे साक्षीदार. मी जागेवरून अर्धवट उठले. समोरच्या पार्टीचे वकील लालवानी मात्र खुर्चीत सरसावून बसले. उल्हासनगर कोर्टात त्यांची उलटतपासणी ऐकायला ज्युनिअर मंडळी मुद्दाम येऊन बसतात.

"साहब, चर्च जानेवाले आदमी हैं," लालवानी म्हणाले. "भगवान का नाम लेने से ही डर रहे हैं."

"घाबरत नाही," सर म्हणाले. "माझ्या प्रभूने सांगितलंय की शपथ वाहूच नका. हो असेल तर हो म्हणा, नाही असेल तर नाही म्हणा. माझ्या खरेपणासाठी देवाला जामीन ठेवणारा मी कोण?"

जजसाहेब तरुण होते, पण तयारीचे. "कायद्यात सोय आहे. ईश्वराऐवजी गांभीर्यपूर्वक प्रतिज्ञा करा. खोटं बोललात तर शिक्षा तेवढीच."

सरांनी प्रतिज्ञा केली. मला मात्र हायसं वाटेना. माझे दुसरे साक्षीदार गायकवाड साहेब बाहेर बाकावर बसले होते. एकाची साक्ष दुसऱ्याच्या कानावर पडू नये म्हणून त्याला बाहेरच बसवतात. शपथेला तेही नकार देणार हे मला ठाऊक होतं, फक्त बरोबर उलट्या कारणासाठी.

केस होती वैशालीची. बदलापूरला मांजर्लीत दामूशेठ म्हात्र्यांचं बैठं घर आहे. मुलगा अकाली गेला, तेव्हा शेठनी सुनेला, म्हणजे वैशालीला, सांगितलं, तू इथंच राहा. ती राहिली. पुढच्या खोलीत ब्लाउज शिवून तिने स्वतःचं पोट भरलं, आणि नदीचं पाणी घरात शिरलं तेव्हा सासऱ्याला पाठीवर घेऊन शेजारच्या बिल्डिंगच्या जिन्यात बसवलं. शेठनी मृत्युपत्र करून घर तिला दिलं. ते गेले आणि पुतण्या उगवला. त्याच्यामागे बिल्डर होता. पुतण्याचं म्हणणं, सही काकांची नाही. तो जिंकला असता तर वैशाली शिलाई मशीन घेऊन रस्त्यावर आली असती.

मृत्युपत्राला दोन साक्षीदार लागतात. करणाऱ्याला सही करताना त्यांनी डोळ्यांनी पाहिलेलं असावं लागतं आणि मग त्याच्यासमोर त्यांनीही सही करायची असते. शेठनी आपले दोन मित्र निवडले. साळवे सर नगरकडचे ख्रिस्ती, रिटायर्ड हेडमास्तर. गायकवाड साहेब बौद्ध, टेलिफोन खात्यातून रिटायर झालेले. दोघे रोज संध्याकाळी शेठच्या ओट्यावर बसून देव आहे की नाही यावर भांडायचे. शेठचा गावदेवीवर विश्वास होता आणि या दोघांवरही. ते चहा पाजायचे आणि दोन्हीकडे मान डोलवायचे.

साक्षीची तयारी करून घ्यायला मी दोघांना ऑफिसात बोलावलं होतं. माझं ऑफिस एका जीन्सच्या दुकानाच्या वर आहे. मी समजावलं, "जे स्वतः पाहिलं तेवढंच सांगा. दुसऱ्याने सांगितलेलं नको. त्याला ऐकीव पुरावा म्हणतात. कोर्ट तो धरत नाही."

झालं. आगीत तेल ओतलं मी.

"ऐकलंत, साळवे?" गायकवाड म्हणाले. "देव मोशेशी बोलला, मोशेने लोकांना सांगितलं, लोकांनी लिहून ठेवलं, ते तुम्ही वाचलंत. मॅडमच्या कोर्टात हे टिकणार नाही."

"आणि तुमच्या बुद्धांच्या सुत्तांची, त्या उपदेशांची, सुरुवात काय असते हो? असं मी ऐकलं आहे! पहिल्याच ओळीत कबुली."

"अहो, पण बुद्ध म्हणतात, ऐकलं म्हणून मानू नका, स्वतः तपासा. सत्य त्यांनी स्वतः बसून शोधलं. वरून कुणी पार्सल पाठवलं नाही."

"माणूस शोधून शोधून किती शोधणार? म्हणून देवच आपणहून प्रकट होतो. आणि प्रभूच्या शिष्यांनी ते डोळ्यांनी पाहिलंय."

"त्यांना कोर्टात आणा."

"तुम्ही बुद्धांच्या त्या शिष्याला, आनंदाला आणा. ऐकलं आहे म्हणणारा तोच ना?"

वैशाली कोपऱ्यात बसली होती. ती हळूच मला म्हणाली, "ताई, यांना घराचं काही विचाराल का?" मला तिची फार दया आली. स्वतःचीही आली.

तर आता सर पिंजऱ्यात होते आणि लालवानी उभे राहिले.

"मास्टरजी, सही झाली तेव्हा तुम्ही गायकवाडांशी वाद घालत होता?"

"हो."

"कशावर?"

"देवाच्या अस्तित्वावर."

"जोरजोरात?"

"गायकवाडांना हळू सांगितलेलं कळत नाही."

"मतलब तुमचं सगळं लक्ष वादात. मग सही कुठून बघितली?"

हाच सापळा होता. साक्षीदाराने सही होताना पाहिलंच नसेल तर मृत्युपत्राचा कागद रद्दीत जातो. वैशालीने पदर तोंडाला लावला.

सर शांतपणे म्हणाले, "वाद घालताना मी गायकवाडांकडे बघत नाही. त्यांचा चेहरा बघितला की मुद्दा विसरतो. आम्ही दोघंही शेठकडे बघून बोलतो. शेठ सही करत होते, म्हणून मला सही दिसली. सही झाल्यावर ते आम्हाला काहीतरी म्हणाले."

"काय म्हणाले?"

"ते सांगता येणार नाही. ऐकीव पुरावा आहे."

मी कपाळावर हात मारला. हे माझंच शिक्षण.

जजसाहेबांनी पेन खाली ठेवलं. "शेठ बोलले ते तुम्ही स्वतःच्या कानांनी ऐकलंत ना? मग ते ऐकीव नाही. सांगा."

सरांचा चेहरा उजळला. "म्हणजे ज्याने बोलणाऱ्याकडून प्रत्यक्ष ऐकलं, त्याची साक्ष कोर्ट धरतं?"

"धरतं."

सरांनी दरवाजाकडे पाहिलं. त्यापलीकडे गायकवाड बसले होते. हे ऐकायला नेमके तेच तिथे नव्हते, याचं दुःख सरांच्या तोंडावर स्पष्ट दिसत होतं. मग ते म्हणाले, "शेठ म्हणाले, 'तुमचा देव हाय का नाय ते मंग बघू. पयलं सया करा.' आम्ही केल्या."

आता गायकवाडांना बोलावलं. क्लार्कने ओळ सुरू केली.

"देव नाही, तर शपथ कुणाची घेऊ?" गायकवाड म्हणाले.

जजसाहेब थकल्या आवाजात म्हणाले, "प्रतिज्ञा करा. आधीच्या साक्षीदारांनीही तेच केलं."

गायकवाड एकदम ताठ झाले. "साळवेंनी? देवाची शपथ घेतली नाही त्यांनी?"

"नाही."

"मग मान्यच केलं की त्यांनी."

"तो मुद्दा या कोर्टासमोर नाही," जजसाहेब म्हणाले. मागच्या बाकावरून सरांनी घसा खाकरला. पट्टेवाल्याने त्यांना डोळ्यांनीच दटावलं.

लालवानींनी तेच प्रश्न विचारले. गायकवाडांची उत्तरंही तीच. सही करताना पाहिलं. साळवेंकडे बघत नाही, बघितलं की बीपी वाढतं. शेठकडे बघत होतो. आणि शेठचं वाक्य शब्दन् शब्द तेच, 'पयलं सया करा'सकट.

लालवानी हसले. "दोघांचा जबाब सेम टू सेम. बाहर से तय करके आये हो?"

"साळवेंशी तय?" गायकवाडांना हा आरोप भलताच लागला. "साहेब, आमचं आजवर एका गोष्टीवर एकमत झालेलं नाही. ते म्हणतात जग कुणीतरी केलं, मी म्हणतो कारणातून कार्य होत जातं, कर्त्याची गरज नाही. ते म्हणतात सत्य वरून मिळतं, मी म्हणतो ते आत शोधावं लागतं. चहात साखर किती घालायची, त्यावरही आमचं जमत नाही. ही सही सोडली तर आम्हा दोघांना मान्य अशी गोष्ट मला तुम्ही दाखवा."

लालवानींनी कागद खाली ठेवले. मुरलेले वकील, कुठे थांबायचं ते त्यांना कळतं.

निकाल वैशालीच्या बाजूने लागला. जजसाहेबांनी त्यात लिहिलं की या दोन साक्षीदारांनी संगनमत केलं असेल हे कोर्टाला संभवनीय वाटत नाही, कारण त्यांचं कोणत्याही विषयावर एकमत असल्याचं रेकॉर्डवर दिसत नाही. ते मी वैशालीला वाचून दाखवलं. ती व्हरांड्यात भिंतीला टेकून ओक्साबोक्शी रडली. सर तिला म्हणाले, "प्रभूने ऐकलं, बेटा." गायकवाड म्हणाले, "तिने सासऱ्याचं केलं, त्याचं फळ तिला मिळालं. मध्ये प्रभू कशाला?" आणि कोर्टाचा जिना उतरेपर्यंत दोघे पुन्हा सुरू झाले. बोलताना बघायला शेठ नव्हते, म्हणून दोघेही वैशालीकडे बघत होते. डोळे पुसत ती दोन्हीकडे मान डोलवत होती.

तेव्हापासून मृत्युपत्र करायला आलेल्या प्रत्येकाला मी सांगते, एकमेकांशी ज्यांचं पटतं असे साक्षीदार आणू नका. भांडणारे आणा. जमीनजुमल्यावरून भांडणारे नकोत, ते मध्येच समेट करतात. देवावरून भांडणारे मिळाले तर सर्वांत उत्तम. आपल्याकडे केसचा निकाल लागायला वेळ लागतो, तोवर टिकेल असं भांडण तेवढं एकच आहे.